फोटोतली नको असलेली वस्तू जाते, तेव्हा तिच्या जागी काय येतं?

मोबाइलवर बोट फिरवलं की फोटोतला विजेचा खांब गायब होतो. हळदीच्या फोटोतला कूलर, देवळासमोर मध्येच आलेला अनोळखी माणूस, अंगणात वाळत घातलेले कपडे, सगळं दोन-चार सेकंदांत नाहीसं होतं. गुगलने 2021 मध्ये पिक्सेल 6 या फोनसोबत ‘मॅजिक इरेजर’ आणलं. सॅमसंगचं ‘ऑब्जेक्ट इरेजर’ त्याच सुमाराचं. अ‍ॅपलचं ‘क्लीन अप’ 2024 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी गुगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर सगळ्यांसाठी मोफत झालं. भुसावळपासून शहाद्यापर्यंत ज्याच्या हातात बऱ्यापैकी फोन आहे, त्याच्याकडे आता हे हत्यार आहे.

फोटो स्टुडिओच्या धंद्यात असल्यामुळे “काय भो, खांब कुठे गेला?” हा प्रश्न माझ्या रोजच्या कानावरचा आहे. खांब कुठे गेला ते सोडा. खांबाच्या जागी आता जे झाड दिसतंय, ते आलं कुठून, हे विचारायला हवं. तेवढं एक नीट कळलं की हे तंत्र कुठे बिनधास्त वापरायचं आणि कुठे त्याला हातही लावायचा नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण 1 कोटी 20 लाख ठिपके असतात. लाल, हिरवा आणि निळा हे रंग किती, ते सांगणारे तीन आकडे प्रत्येक ठिपक्याला असतात, 0 ते 255 च्या दरम्यान. खांब जिथे उभा आहे, तिथल्या ठिपक्यांत फक्त खांबाचेच आकडे आहेत. त्याच्यामागे कडुनिंब होता, शेजाऱ्याची भिंत होती की उभा ट्रॅक्टर, याची नोंद फाइलमध्ये कुठेच नाही. कॅमेऱ्याला ते दिसलंच नव्हतं. त्यामुळे खांब पुसला की खाली दडलेलं दृश्य वर येत नाही, तिथे भोक पडतं. ते भोक यंत्र अंदाजाने भरतं. आपण ज्याला ‘काढून टाकणं’ म्हणतो, त्यात खरं काम असतं ते भरण्याचं.

भोक भरण्याच्या तीन पिढ्या

संगणकाने फोटोतली भोकं भरायची ही कल्पना चित्रांची डागडुजी करणाऱ्यांकडून आली. 2000 साली बर्टाल्मिओ, सापिरो, कासेल्स आणि बाल्येस्टर या चौघांनी यावर एक शोधनिबंध मांडला. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयातल्या दुरुस्ती करणाऱ्यांशी चर्चा केली होती. जुन्या चित्राचा रंग उडाला की हे लोक कडेच्या रेषा आणि रंग हळूहळू आत ओढत आणतात. संगणकानेही तेच केलं. फोटोवरचा ओरखडा किंवा घडीची रेघ यासाठी ते छान चालायचं. भोक मोठं असलं की मात्र मधोमध धुरकट डाग उरायचा.

दुसरी पिढी नक्कल करणारी. उरलेल्या फोटोतच भोकाच्या कडेशी जुळणारा तुकडा शोधायचा, तो उचलून आणायचा आणि बसवायचा. चांगला रफू करणारा त्याच कापडाच्या शिवणीतला धागा काढून फाटलेली जागा विणतो, तशातला प्रकार. 2004 मध्ये क्रिमिनिसी, पेरेझ आणि टोयामा यांनी ही पद्धत नीट बसवली. 2009 मध्ये ‘पॅचमॅच’ नावाची रीत आली आणि तुकडे शोधण्याचं काम कैक पटींनी वेगवान झालं. 2010 च्या फोटोशॉप सीएस5 मधलं ‘कंटेंट-अवेअर फिल’ याच विचारावर उभं आहे. कपाशीचं शेत, तापीचं पाणी, खडी, गवत असल्या एकसारख्या पसाऱ्यात ते आजही उत्तम काम करतं. अडतं एवढ्यावर की फोटोत जे मुळातच नाही, ते त्याला आणता येत नाही. अर्धा चेहरा झाकला असेल तर ही पद्धत तिथे गालाऐवजी खुशाल शर्टाचा तुकडा आणून लावेल.

तिसरी पिढी शिकलेली, आणि आज आपण एआय म्हणतो ती हीच. तिची शिकवणी समजायला अवघड नाही. लाखो फोटो घ्यायचे, प्रत्येकात मुद्दाम भोक पाडायचं आणि यंत्राला सांगायचं, भर. त्याने भरलेलं मूळ फोटोशी ताडायचं. जितकं चुकलं त्या हिशेबाने यंत्राच्या आतल्या आकड्यांत बारीकसा फरक करायचा आणि पुढचा फोटो द्यायचा. उत्तरपत्रिका मूळ फोटोतच असल्याने माणसाला बसून काही तपासावं लागत नाही. दीपक पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ‘कॉन्टेक्स्ट एन्कोडर’ या नावाने ही वाट दाखवली. अशी शिकवणी लाखो वेळा झाली की यंत्राच्या अंगवळणी पडतं: डोक्याखाली मान येते, छपराची कड सरळ जाते, दरवाज्याची चौकट दोन्हीकडे सारखी असते.

हल्लीची बरीच साधनं आणखी एक पाऊल पुढे जातात. ती भोकात आधी नुसते रंगीबेरंगी दाणे भरतात, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायचे तसे. मग टप्प्याटप्प्याने दाणे कमी करत जातात आणि दर टप्प्याला आजूबाजूच्या भागाशी मेळ घालतात. शेवटी तिथे एक चित्र तयार होतं. सुरुवातीचे दाणे दरवेळी वेगळे, म्हणून चित्रही दरवेळी वेगळं. 2023 मध्ये आलेलं फोटोशॉपचं ‘जनरेटिव्ह फिल’ एका वेळी तीन पर्याय समोर ठेवतं, ते यामुळेच शक्य होतं. मागे खरोखर काय होतं हे यंत्राला ठाऊक असतं, तर तिन्ही पर्याय एकसारखे आले असते.

या सगळ्याआधी एक काम असतं, नेमकी कोणती वस्तू काढायची ते ओळखण्याचं. खांबावर नुसती टिचकी मारली की अख्खा खांब निवडला जातो, त्यामागेही अशीच शिकवणी आहे. मेटा कंपनीने 2023 मध्ये यासाठी 1 कोटी 10 लाख फोटो आणि त्यांतल्या 100 कोटींहून जास्त वस्तूंच्या कडा असा साठा खुला केला.

केळीच्या घडावरची पिशवी

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. रावेर-यावलच्या पट्ट्यात निर्यातीच्या केळीला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी चढवतात. खरेदीदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी शेतकऱ्याने बागेत उभं राहून फोटो काढला. त्यात तीन गोष्टी खटकतात: ओळीतून गेलेली ठिबकची नळी, बांधावर उभी मोटारसायकल आणि घडावरची पिशवी.

नळी पुसली. खाली माती, दोन्ही बाजूंना माती. यंत्राने माती भरली. मातीची ढेकळं खरी नसली तरी त्याने कोणाचं काही बिघडत नाही. मोटारसायकल पुसली. तिथे केळीचे दोन-तीन खांब आणि पानं आली. जरा निरखून पाहिलं तर एका खांबाला बुंधाच नाही, तो हवेतच सुरू होतो, आणि चाकाची सावली मातीवर तशीच उरली आहे. ही कसर दुरुस्त करता येते.

मग पिशवी पुसली. यंत्राने आत सुंदर, भरघोस, डागविरहित घड काढून ठेवला. फोटोतला सगळ्यांत देखणा भाग तोच दिसतो, आणि खोटाही तोच आहे. त्या घडात फण्या किती, केळी किती भरली आहेत, सालीवर ओरखडे आहेत का, यातलं काहीही कॅमेऱ्याने टिपलेलं नव्हतं. यंत्राने जगभरच्या फोटोंतल्या केळी पाहून ‘साधारण घड असा असतो’ एवढं शिकलेलं आहे, तेच इथे उमटलं. कधी कधी तर केळी खाली लोंबलेली दाखवतं. आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं की भरत आलेल्या फणीतली केळी वरच्या बाजूला वळतात. बागेत पिशवी हाताने वर सारून दुसरा फोटो काढायला अर्धा मिनिट लागतं, आणि तोच फोटो खरेदीदाराला पाठवण्याच्या लायकीचा असतो.

एकाच फोटोत, एकाच बोटाने तीन गोष्टी पुसल्या. यंत्राने तिन्ही वेळा अंदाजच केला. फरक पडला तो त्या जागेवरून समोरचा माणूस काय ठरवणार आहे, यामुळे. मातीवरून कोणी भाव ठरवत नाही. घडावरून ठरवतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचंही तसंच आहे. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या या यात्रेत घोडा पाहणारे त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, पाय बघतात, जुन्या जखमेची खूण बघतात. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून कोणी मानेवरचं दावं पुसलं, तर दाव्याखालची आणि त्याच्या आजूबाजूची केसांची ठेवण यंत्र नव्याने रचतं. त्यात असलेला भोवरा जाऊ शकतो, नसलेला येऊ शकतो. पुसणाऱ्याच्या मनात फसवायचं नसेलही, पण घेणाऱ्याच्या हातात चुकीची माहिती गेलीच. विकायच्या मालाच्या फोटोत मालाला स्पर्श करणारी कुठलीही वस्तू पुसू नये, या मताचा मी आहे. मागचा कचरा पुसा, आकाशातली तार पुसा, मालाच्या अंगाला हात लावू नका.

काम नीट व्हावं म्हणून

घरगुती फोटोत मात्र मनमोकळेपणाने वापरा. तिथे निकाल चांगला येण्यासाठी काही गोष्टी हाताला लागतात.

पहिली सावलीची. माणूस पुसला आणि सावली राहिली की पितळ उघडं पडतं. दुपारच्या उन्हात काढलेल्या आपल्याकडच्या फोटोंत सावल्या गडद आणि ठसठशीत असतात, त्यामुळे हे लगेच डोळ्यात खुपतं. वस्तू निवडताना तिची सावली, फरशीवर किंवा गाडीच्या काचेत पडलेलं तिचं प्रतिबिंब हेही निवडीत घ्या. शिवाय निवड वस्तूच्या कडेपेक्षा किंचित बाहेरून घ्या. कडेवरच्या ठिपक्यांत वस्तूचा रंग थोडा मिसळलेला असतो. तो मागे राहिला की यंत्राला वाटतं इथे काहीतरी होतं, आणि ते तिथे पुन्हा काहीबाही उभं करतं. खांब काढायला जावं तर खांबासारखंच दुसरं काही उगवतं, ते बहुतेक वेळा यामुळे.

मोठी वस्तू एका दमात पुसण्यापेक्षा तुकड्यातुकड्याने पुसा. आधी सोपा भाग, म्हणजे आकाशासमोरचा किंवा भिंतीसमोरचा, आणि मग अवघड. विजेच्या तारा वेगळ्या, खांब वेगळा. तार जिथे पानांतून किंवा माणसाच्या केसांमागून जाते, तिथे झूम करून बारीक ब्रशने काम करा.

हातात हात घातलेल्या दोघांपैकी एकाला काढणं हे सगळ्यांत वाईट काम. उरलेल्याचा हात कुठे जाणार, खांद्यावरचा पदर कसा पडणार, हे यंत्राला नव्याने रचावं लागतं, आणि बोटं अजूनही त्याला नीट साधत नाहीत. दुकानाच्या पाटीवरून काही पुसलं तर तिथे देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरं उमटतात. शिरोरेघ असते, खाली अर्थ नसतो. पाटीवर काही झाकलं असेल तर ते तसंच राहू द्या.

बरीच साधनं भरलेला भाग आतून लहान आकारात तयार करतात, उदाहरणार्थ 1024 बाय 1024 ठिपके, आणि मग ताणून मोठा करतात. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही. पण भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढली की तेवढाच भाग मऊ, लोण्यासारखा दिसतो. प्रिंट काढायचा असेल तर 100 टक्के झूमवर आधी तपासा.

अंदाज न करता माणसं काढायची रीत

आता सांगतो ती रीत मला स्वतःला सगळ्यांत आवडते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. त्याचा माणसांशिवाय फोटो हवा आहे आणि भाविकांची ये-जा तर थांबणार नाही. एकच फोटो काढून एआयने माणसं पुसली, तर प्रत्येक माणसामागचा कोरीव दगड यंत्र मनाने कोरेल. मंदिराच्या बाबतीत ते मला अजिबात चालत नाही. त्या दगडावर कोणी शिल्पकाराने छिन्नी चालवली आहे.

त्याऐवजी कॅमेरा एका जागी स्थिर धरून, मध्ये थोडा थोडा वेळ सोडत सात फोटो काढा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. नसेल तर कठड्यावर टेकवून चालतं. आता भिंतीवरचा एकच ठिपका घ्या. सात फोटोंत त्याचा उजेडाचा आकडा असा आला: 180, 181, 40, 179, 182, 42, 180. दोन फोटोंत गडद शर्टवाला माणूस आडवा आला होता, म्हणून 40 आणि 42. सगळ्यांची सरासरी काढली तर 140 च्या आसपास येते, आणि तिथे भुतासारखी सावली दिसते. पण आकडे चढत्या क्रमाने लावले, 40, 42, 179, 180, 180, 181, 182, आणि मधला उचलला, तर 180. खुद्द दगडाचा आकडा. प्रत्येक ठिपक्याला असंच केलं की माणसं निघून जातात आणि मागे उरतो तो कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला दगड. अट एकच, एका जागी निम्म्याहून जास्त फोटोंत माणूस उभा नको. पायरीवर निवांत बसलेले आजोबा यात जात नाहीत. ते उठेपर्यंत थांबावं, नाहीतर त्यांना फोटोत राहू द्यावं. फोटोशॉपमध्ये हे ‘स्टॅक मोड’मधल्या ‘मीडियन’ने होतं, आणि ‘इमेजमॅजिक’ हे मोफत साधनही करतं.

खांब, पाटी असल्या न हलणाऱ्या अडथळ्यासाठी याहून सोपं म्हणजे दोन पावलं बाजूला सरकून दुसरा फोटो काढणं. पाऊल सरकलं की खांबामागचं दिसतं. फोटो काढतानाचे ते पाच सेकंद नंतरच्या अर्ध्या तासाच्या दुरुस्तीवर भारी पडतात.

जिथे हात लावायचा नाही

गारपिटीने बाग आडवी झाली आणि पंचनाम्यासाठी फोटो काढले, तर त्यातलं काही म्हणजे काही पुसू नका. फोटोत मोटारसायकल आली, घरातलं कोणी रडताना आलं, कोपऱ्यात खताची गोणी आली, येऊ द्या. एकदा फोटोत फेरफार दिसला की खऱ्या नुकसानीवरही संशय येतो, आणि शेतकऱ्याने ते का सोसावं? कोर्टाच्या कामाचंही तेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूण. एक ठिपका बदलला तरी ती खूण पार बदलते. वाटणीच्या भांडणातला बांध, अपघातातली गाडी, असल्या फोटोंची मूळ फाइल न उघडता वेगळी ठेवून द्यावी.

बातमीच्या फोटोला तर हा नियम फार जुना आहे. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एका छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याने फोटोच्या मागच्या भागातला एका माणसाच्या पायाचा जेमतेम दिसणारा तुकडा पुसला होता. फोटोचा अर्थ त्याने बदलला नव्हता, तरी बक्षीस गेलं, आणि ते योग्यच झालं. वाचक फोटोवर विश्वास ठेवतो तो ‘समोर हे घडलं’ या बोलीवर. त्या बोलीत किरकोळ आणि मोठं असा भेद चालू केला की त्याला अंत नाही. स्टालिनच्या रशियात येझोव्ह नावाच्या अधिकाऱ्याला 1940 मध्ये ठार मारल्यावर स्टालिनसोबतच्या कालव्याकाठच्या फोटोतूनही पुसून टाकलं होतं. त्याच्या जागी पाणी रंगवलं. तेव्हा त्यासाठी कसबी माणूस लागायचा.

आमच्या धंद्यातली एक गोष्टही बोलायलाच हवी. लग्नाच्या प्रूफ फोटोंवर, म्हणजे निवडीसाठी आधी दाखवायला दिलेल्या फोटोंवर, स्टुडिओचं नाव टाकलेलं असतं. ते एआयने पुसून तेच फोटो वापरायची रीत आता सर्रास झाली आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात 65ब हे कलम आहे. हक्काची माहिती दाखवणारी खूण जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं त्याखाली गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लग्नात पहाटेपासून उभ्या राहिलेल्या पोराची ती मजुरी असते. पैसे बाकी असतील तर सांगा, हप्ता पाडून घ्या, पण नाव पुसू नका.

शेवटी फोटो जातो कुठे, याची खबरदारी. काही साधनं सगळं काम फोनमध्येच करतात, काही तुमचा फोटो दूरच्या संगणकावर पाठवतात. ओळखायचं कसं? फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वस्तू पुसून बघा. काम झालं तर फोटो फोनमध्येच राहिला. ‘इंटरनेट नाही’ असं आलं तर तो बाहेर जाणार आहे. घरातल्या बायका-मुलांचे फोटो, आधार कार्डाचा फोटो असल्या गोष्टी नाव-गाव नसलेल्या फुकट अ‍ॅपवर चढवू नका. आणि पुसण्याआधी मूळ फोटोची प्रत करून ठेवा. ती कोणाला पाठवायची झाली तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि तारीख, वेळ, ठिकाण, कॅमेरा या त्याच्यासोबतच्या नोंदी गळून पडतात.